अर्ज मंजूर दिसतोय, पण शिष्यवृत्ती खात्यात नाही

थेट_दुसरं_वर्ष:
नमस्कार. बहीण डिप्लोमा करून कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला लागली आहे. अनुसूचित जाती, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, कॉलेजने पुढे पाठवला, समाजकल्याणकडून मंजूर झाल्याचंही दिसतं. पैसे मात्र नाहीत. अर्जात दिलेल्या खात्याचं पासबुक दोनदा भरून आणलं. कॉलेज फीसाठी मागे लागलंय. मुलींची फी माफ झाली ना, मग मागतात कशी? शिवाय शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही, त्यासाठी काही सोय आहे का?

बँकेतला:
पासबुक बहुधा दुसऱ्याच बँकेचं भरून आणताय. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाहीत. एनपीसीआयच्या मॅपरमध्ये, म्हणजे कोणतं आधार कोणत्या बँकेला जोडलंय त्या यादीत, त्या आधारपुढे ज्या बँकेचं नाव आहे, तिथे जातात. एका आधारपुढे एका वेळी एकच बँक असते, आणि जिथे सर्वात शेवटी सीडिंग (डीबीटीसाठी आधारची जोडणी) झालं तीच. दहावीत कुणाच्या सांगण्यावरून उघडलेलं खातं, पोस्टातलं खातं, मोबाईलवर पाच मिनिटांत काढलेलं खातं, यांपैकी कुठेही ही जोडणी होऊन बसलेली असू शकते.

मायआधारच्या संकेतस्थळावर ओटीपीने लॉगिन करा आणि 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. बँकेचं नाव आणि जोडणी चालू की बंद, दोन्ही कळतं. साध्या फोनवर *९९*९९*१# लावूनही पाहता येतं.

'आमच्याकडे आधार लिंक आहे' हे काउंटरवरचं उत्तर पुरेसं धरू नका. केवायसीसाठी आधार नोंदवणं वेगळं आणि डीबीटीसाठी सीडिंग वेगळं. सीडिंगसाठी संमतीचा स्वतंत्र फॉर्म असतो. जुनी बँक बदलून घ्यायची असेल तर त्या फॉर्मवर आधीच्या बँकेचं नाव लिहावं लागतं. तो रकाना रिकामा सोडला की विनंती अडकते, असं फार वेळा होतं. पोचपावती घ्या आणि काही दिवसांनी स्टेटस पुन्हा स्वतः बघा.

अठरा वर्षांच्या आत उघडलेलं खातं असेल तर तिची नवी सही आणि केवायसी झाली आहे का, तेही तपासा. झाली नसेल तर पैसे खात्यात दिसतील, पण काढता येणार नाहीत. पूर्ण केवायसीशिवाय उघडलेलं 'छोटं खातं' असेल तर महिन्याला १०,००० रुपयांपेक्षा जास्त काढता किंवा वळवता येत नाहीत. त्यातून कॉलेजची फी एकदम कशी भरणार? आत्ताच पूर्ण केवायसी करून घ्या.

शिष्यवृत्ती_कक्ष:
वरचं बरोबर आहे, पहिली तपासणी तीच. आता फीबद्दल. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळाली, ती आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि इतर मागासवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींसाठी. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा, व्यवस्थापन कोटा चालत नाही. तुमच्या बहिणीची फी त्या निर्णयातून नाही, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतूनच येते.

या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के. राज्याचा आधी, केंद्राचा नंतर, म्हणजे दोन वेगळ्या नोंदी दोन वेगळ्या वेळी. एकच रक्कम आली म्हणून उरलेली बुडाली असं समजू नका. हल्ली फीची रक्कमही विद्यार्थ्याच्याच खात्यात येते आणि जमा झाल्यापासून ७ दिवसांत कॉलेजला भरायची असते. ती घरखर्चात गेली की पुढे निकाल आणि दाखल्यापर्यंत वाद जातो, म्हणून निर्वाह भत्ता किती आणि फी किती हे अर्जाच्या तपशिलातून आधीच लिहून ठेवा.

पुढच्या वर्षासाठी दोन गोष्टी. डिप्लोमानंतरची पदवी हा नवा अभ्यासक्रम, म्हणून यंदाचा अर्ज नवा असायला हवा होता. तिसऱ्या वर्षाला मात्र नूतनीकरणच करायचं. आणि अर्ज सादर केला म्हणजे काम संपलं नाही. त्रुटी निघाली की तो 'सेंड बॅक' होऊन विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये परत येतो आणि कुणी उघडलं नाही तर तिथेच पडून राहतो. दर आठवड्याला लॉगिन करा, शेरा वाचा, दुरुस्त करून पुन्हा सादर करा. परत येण्याची नेहमीची कारणं: मुदत संपलेला उत्पन्नाचा दाखला, वाचता न येणारी गुणपत्रिका, शिक्षणात खंड असूनही त्याचं शपथपत्र नसणं, जातवैधता प्रमाणपत्राऐवजी जातीचाच दाखला दोनदा चढवणं. फाइल २५६ केबीत बसवायची म्हणून स्कॅन इतका लहान करतात की तहसीलदारांची सही दिसत नाही. राखाडी रंगात स्कॅन करा, आकार आपोआप कमी होतो.

समाजकल्याण_वाट:
वसतिगृहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पात्र असून शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच ती आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. त्याखालच्या गटातल्या शहरांत ५१,००० आणि जिल्ह्याच्या इतर ठिकाणी ४३,०००. अभियांत्रिकीला शैक्षणिक साहित्याचे ५,००० वेगळे. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखच.

मुख्य अट अशी की कॉलेज ज्या शहरात आहे, तिथली ती रहिवासी नसावी. म्हणून भाडेकरार किंवा खासगी वसतिगृहाची पावती तिच्या नावाची घ्या. मैत्रिणीच्या नावावरचा करार जोडला की अर्ज तिथेच थांबतो. अर्जाची मुदत मॅट्रिकोत्तरपेक्षा वेगळी असते, सहाय्यक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात आजच विचारा.

थेट_दुसरं_वर्ष:
मायआधारवर पाहिलं. जोडणी चालू आहे, पण बँक दुसरीच! अकरावीत उघडलेलं खातं. पैसे तिथे आले असतील तर परत जातील का?

बँकेतला:
नाही, जमा झालेले तिचेच आहेत. तिने स्वतः आधार आणि पॅन घेऊन त्या शाखेत जावं. अकरावीतलं खातं म्हणजे सज्ञान झाल्यावरची केवायसी राहिलेली असणार, ती आधी करावी आणि मग विवरणपत्र मागावं. राज्याचा हप्ता त्यात दिसला तर केंद्राचा येईपर्यंत सीडिंग हलवू नका, नाहीतर एक हप्ता एका बँकेत आणि दुसरा दुसरीकडे शोधत बसाल. फी तिथूनच कॉलेजला वळवा आणि पावती घ्या.