चर्चा: कॅथलिक वाढताहेत, पाद्री घटताहेत. गोव्यात बसून याकडे कसं बघायचं?

फोंडेकर: व्हॅटिकनच्या आकडेवारीत 2023 अखेर जगात 140 कोटी 60 लाख कॅथलिक होते, म्हणजे वर्षात एक टक्क्याहून जास्त वाढ. पाद्री मात्र 4,06,996, आदल्या वर्षापेक्षा 734 कमी. 1970 मध्ये सुमारे 65 कोटी कॅथलिक होते, तेव्हा पाद्री 4 लाख 20 हजारांच्या आसपास होते. तेव्हा एका पाद्रीमागे साडेपंधराशे माणसं, आज जवळजवळ साडेतीन हजार. ही वाढ मला वरवरची वाटते. बाप्तिस्मा, लग्न, मयत, अंथरुणाला खिळलेला म्हातारा, एका फादरने किती घरं करायची? मी हिंदू आहे, पण आमच्या वाड्यावर फादर घरी येऊन गेले की शेजाऱ्यांना केवढा आधार वाटतो, ते पाहत आलोय.

साष्टीकर: वरवरची अजिबात नाही. प्रश्न वाटणीचा आहे. युरोपात जगातले 20 टक्के कॅथलिक आणि पाद्री मात्र 38 टक्के! आफ्रिकेतही 20 टक्के कॅथलिक, तिथे पाद्री दरवर्षी वाढताहेत. आशियातही वाढले. जिथे आहेत तिथून पाठवावेत, गोव्याने तेच केलं. डचांनी श्रीलंकेत कॅथलिक पाद्रींना बंदी घातली होती, तेव्हा बाणावलीचे जुझे वाझ 1687 मध्ये तिथे वेषांतर करून गेले. 2015 मध्ये ते संत झाले.

म्हापशाची वाचक: साष्टीकर, पाठवायला घरात मुलं तर हवीत! पूर्वी पाच-सहा भावंडांतला एक राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, जायचा. आता मुलं एक-दोन, तीही पोर्तुगीज पासपोर्ट काढून परदेशात.

आणि तुम्ही दोघं पाद्रींवरच अडलात. सिस्टर्सचं, म्हणजे नन्सचं काय? जगभरात एका वर्षात 5,99,228 वरून 5,89,423, जवळपास दहा हजार कमी! शाळा, दवाखाने, वृद्धाश्रम, अनाथ मुलं कोण सांभाळतं? गोव्यातल्या किती हिंदू मुली कॉन्व्हेंटमध्ये शिकल्या, मीही त्यातलीच. हे नुकसान फक्त चर्चचं नाही, आपलंही आहे. याबद्दल कोणी बोलत नाही याचा मला मनापासून राग येतो.

डिचोलीचा रहिवासी: मग विवाहितांना पाद्री करा. 2019 मध्ये अॅमेझॉनच्या जंगलपट्ट्याबद्दलच्या सिनडने (बिशपांच्या परिषदेने) दुर्गम भागापुरती तशी शिफारस केली होती, पण पोप फ्रान्सिस यांनी 2020 मध्ये ती उचलून धरली नाही. कायमस्वरूपी डीकन (पाद्रीच्या एक पायरी खालचे दीक्षित सेवक) विवाहित चालतात आणि त्यांची संख्या 51 हजारांवर गेलीय.

साष्टीकर: डीकन मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करू शकत नाही, पापनिवेदन ऐकू शकत नाही. शिवाय ब्रह्मचर्य ही कोणाची लहर नाही, सगळं आयुष्य लोकांना देण्याची ती तयारी आहे. ती सोडली की माणसं वाढतील, पण जुझे वाझ घडणार नाहीत.

फोंडेकर: ताईंचा सिस्टर्सचा मुद्दा शंभर टक्के मान्य. साष्टीकरांना मात्र एवढंच विचारतो: जगभरातले सेमिनरीतले विद्यार्थी वर्षात 1,08,481 वरून 1,06,495 वर आले. वाढले फक्त आफ्रिकेत, आशियातही घटले. आज आशियात पाद्री वाढताना दिसतात ते काल भरती झालेले. उद्या वाटायला गोव्याकडे शिल्लक काय राहणार?