मदत हवी आहे: डोंगरजमिनीचा देखभाल निधी आणि स्पर्धेआधी वाटेची दुरुस्ती

संवर्धनासाठी राखलेल्या डोंगरजमिनीच्या खर्चाकरता देणग्या आणि तिथेच धावण्याची स्पर्धा, असे दोन मार्ग ठरलेत. अडचण अशी की जमीन विकत घ्यायला लोक सढळ हाताने देतात. धूप थांबवणं, उपरं तण काढणं, हद्दीच्या खुणा जपणं याला कुणी देत नाही. खरेदीच्या नावाने आलेला पैसा देखभालीला वळवायचा नाही, म्हणून आवाहनातच दोन्ही निधी वेगळे दाखवायचे आहेत. असा मजकूर कुणाकडे आहे का?

दुसरा प्रश्न वाटेचा, आणि खरं डोकं तिथेच अडकलंय. बरीचशी वाट उताराला आडवी आहे, चढ १० टक्क्यांच्या आत, दरीकडे साधारण ५ टक्के कल. पाणी पसरून उतरतं. पण १५० मीटरचा एक तुकडा सरळ उताराच्या रेषेत चढतो. तिथे पाणी वाटेतूनच धावतं, घळ पडते, लोक कडेने चालतात आणि वाट रुंदावत जाते. पाणी वाटेबाहेर वळवायला दगडी आडबांध वाटेला काटकोनात घातले की मागे गाळ साचून पाणी वरून वाहतं. त्या काटकोनी रेषेपासून ३० ते ४५ अंश तिरके टिकतात, तेही वेळच्या वेळी गाळ उपसला तर. बांधांवर भागेल, की तुकडा बंद करून नागमोडी वाट काढावी? आमचा ओढा नागमोडी वाटेकडे. पण नवी माती बसायच्या आत २०० धावपटू तिच्यावर सोडायचे कसे?

माती ओली असल्यास स्पर्धा पुढे ढकलण्याची अट नोंदणीत घातली असेल, तर शुल्क परताव्याचं काय ठरवलंत?