चोर्ला घाटात गाडी सरकली, कुठले टायर घालू? लवकर सांगा

साखळीकर_८: शनिवारी आईला घेऊन बेळगावला जायचंय. परवा केरी सोडून घाट चढताना वळणावर ब्रेक मारला तर गाडी वळायचं सोडून सरळच सरकत गेली, डोंगरावरनं तांबडं पाणी रस्त्यावर आलेलं, कठड्याच्या हातभर अलीकडे थांबली. अजून हात कापतात. चांगली ग्रीप असलेला टायर कुठला ते सांगा, बजेट जास्त नाही.

घाटवाला: गाडी कुठली? साईझ काय? किती किलोमीटर झाले?

म्हापसा_एक्सप्रेस: डोळे झाकून मिशेलिन घे. माझ्याकडे दुसरा सेट चालू आहे, पावसात काडीचा त्रास नाही.

फोंड्याचो_भाव: काय गरज आहे? एमआरएफची फॅक्टरी आपल्या उसगावात, आणि आमच्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांत ज्यांच्या साईडवॉल (टायरच्या बाजू) टिकतात तेच घालायचे. मऊ टायर फुगतात.

म्हापसा_एक्सप्रेस: खड्ड्यात टिकणं वेगळं आणि ओल्यात थांबणं वेगळं भाऊ. तो घाटात सरकलाय.

पेडणे_रायडर: १६ इंची अलॉय टाका, रुंद टायर बसतो, लुक पण येतो.

साखळीकर_८: लुक नकोय हो!! स्विफ्ट व्हीएक्सआय, २०१८ ची, ४१ हजार चाललीय. टायर कंपनीचेच आहेत, नक्षी दिसतेय अजून.

घाटवाला: म्हणजे साईझ १६५/८० आर१४, तरी टायरवर बघून खात्री कर. आता दोन गोष्टी बघ. साईडवॉलवर डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्याच्या शेवटी चार आकडे, टायर कधी बनला ते, २३१८ असेल तर २०१८ चा तेविसावा आठवडा. आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरची आतली कड हाताने चाचप, बाहेरून दिसत नाही ती.

डिचोली_काका: नायट्रोजन भरा, सगळे प्रॉब्लेम जातात.

घाटवाला: काका, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. प्रेशर कमी नसलं म्हणजे झालं, आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, आणि टायर थंड असताना बघायचं.

साखळीकर_८: कोड २११८. आतली कड दोन्हीकडे गुळगुळीत, चरांमधल्या आडव्या पट्ट्या नक्षीच्या बरोबरीला आल्यात. मला कळलंच नव्हतं.

घाटवाला: त्या पट्ट्या १.६ मिमीच्या, तिथे टायर संपला. आणि नुसती आतलीच कड झिजली म्हणजे चाकांचं अलाइनमेंट (सरळ रेषेत असणं) गेलंय, ते न करता नवे घातलेस तर तेही तसेच खाऊन टाकेल. ब्रँडचं भांडण नंतर, आधी ते.

फोंड्याचो_भाव: हे बरोबर. पण दोनच घेणार असलास तर पुढे घाल, गाडी पुढच्याच चाकांवर ओढते.

घाटवाला: नाही, दोनच असले तर नवे मागे, आणि मागचे पुढे. पुढचं सरकलं तर गाडी सरळ जाते, वेग उतरवून सावरता येतं. मागचं सुटलं की गाडी गरकन फिरते, आणि चोर्ल्यात फिरायला जागा नाही.

फोंड्याचो_भाव: पंचवीस वर्षं पुढेच घालतोय, काही झालं नाही.

पेडणे_रायडर: अनमोड घाटाने जा ना, बेळगावलाच जायचंय तर.

साखळीकर_८: रस्ता नको, टायर सांगा! मागच्यांची नक्षी बरी आहे, पण कोड तोच.

घाटवाला: मग रबर तेवढंच जुनं आणि कडक, ओल्यात धरणार नाही. जमलं तर चारही बदल. ब्रँड एमआरएफ घे नाहीतर मिशेलिन, साईझ तीच, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको, आणि दुकानात कोड वाचूनच पैसे दे, जुना स्टॉक खपवतात.

साखळीकर_८: चार परवडत नाहीत आत्ता. तीन घेतो, स्टेपनी एकदाही वापरली नाही, नवीच आहे.

घाटवाला: तिचा कोड वाचलास? गाडीबरोबर आलेली असेल तर तीही २०१८ चीच.

साखळीकर_८: हो, २०१८ चीच निघाली. शनिवार रद्द केला, आईला पुढच्या आठवड्यात नेतो. पगार झाला की चारही आणि अलाइनमेंट.

घाटवाला: चांगलं केलंस. नवे घातल्यावर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जपून चालव, वरचा थर निसरडा असतो.