उपद्रवी छोट्या प्राण्यांसाठी रायफल: स्पीड बघायचा की ग्रुप?

माळरान:
पिकाची, कुरणाची नासधूस करणाऱ्या छोट्या प्राण्यांसाठी रायफल घ्यायची म्हटली की लोक आधी गोळीचा स्पीडच विचारतात, ग्रुप (एकाच जागी नेम धरून मारलेल्या गोळ्या किती जवळ-जवळ बसतात ते) कुणी विचारत नाही. माझं मत स्पष्ट आहे, .२२३ रेमिंग्टन काडतुसाची, बोल्ट अ‍ॅक्शन (दर शॉटला हाताने बोल्ट मागे-पुढे करायचा), जाड बॅरल (नळी) आणि हलका स्वच्छ तुटणारा ट्रिगर. प्रेअरी डॉगची (अमेरिकेतल्या माळावरचा, बिळात राहणारा खारीच्या जातीचा प्राणी) छाती जेमतेम दोन-अडीच इंच, आणि १ एमओएची (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, ग्रुप मोजायचं माप) रायफल १०० यार्डावर साधारण १ इंचात मारते म्हणजे २५० यार्डावर तिचा ग्रुपच अडीच इंचाच्या वर जातो, त्यात वारा धरलाच नाही. जनावर जखमी होऊन बिळात तडफडत मरणार, ते मला मान्य नाही. म्हणून अर्ध्या एमओएची रायफल हवी, मग स्पीड ३२०० फूट प्रति सेकंद असो की ४२००.

रिमफायरवाला:
अजिबात पटलं नाही. बहुतेक लोक १२५ यार्डाच्या आतच मारतात, तिथे .१७ एचएमआर (छोटं रिमफायर काडतूस, म्हणजे बुडाच्या कडेवर पिन आपटून पेटणारं) पुरते. १७ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी २५५० फूट प्रति सेकंदाने सुटते, आवाज कमी, धक्का जवळपास नाही त्यामुळे स्कोपमधून फटका कुठे बसला ते स्वतःला दिसतं. नवशिक्याला याहून चांगला गुरू नाही.

माळरान:
अहो पण वारा? ताशी १० मैलांचा आडवा वारा असला की ती गोळी १०० यार्डावर तीन-चार इंच सरकते आणि २०० ला तर पार बाहेर. शिवाय रिमफायरची काडतुसं घरी भरता येत नाहीत, फॅक्टरीचा जो लॉट मिळेल तो घ्यायचा. १२५ च्या आत आणि शांत हवेत तुमचं बरोबर आहे, तेवढं मान्य.

रिमफायरवाला:
लॉटचं म्हणाल तर दोन-तीन लॉट मारून बघायचे, जो जमेल त्याच्या पेट्या घेऊन ठेवायच्या. सगळ्यांनाच घरी काडतुसं भरायची हौस नसते.

लांबपल्ला:
वाऱ्याचंच म्हणत असाल तर मग .२२-२५० (.२२३ पेक्षा जास्त दारूचं, वेगवान काडतूस) का नाही? ५५ ग्रेनची गोळी ३६०० च्या पुढे, वारा कमी लागतो आणि ३०० यार्डापर्यंत होल्ड (नेम किती वर धरायचा ते) फार बदलावा लागत नाही. .२२३ घेऊन लोक नंतर हळहळतात.

माळरान:
.२२-२५० मध्ये दारू खूप जास्त जळते, बॅरल लवकर तापते आणि घशाशी (काडतुसाच्या लगेच पुढे) लवकर झिजते, दिवसभर एकामागून एक शॉट असतील तर हे फार महत्त्वाचं. आणि ट्विस्टचं (बॅरलच्या आतल्या खाचांचा पीळ, जो गोळीला फिरवतो) कुणी बोलतच नाही! जुन्या .२२-२५० बऱ्याचदा १:१४ (१४ इंचांत एक फेरा) असतात, त्यात ७० ग्रेनच्या लांब गोळ्या स्थिरच होत नाहीत. १:८ ची .२२३ घ्या, ५० पासून ७५ ग्रेनपर्यंत जी तिला आवडेल ती गोळी चालवा.

लांबपल्ला:
१:८ च्या .२२-२५० पण आता मिळतात. आणि थांबून थांबून मारलं तर बॅरल टिकते, घाई करणाऱ्याची कुठलीही झिजेल.

नवा सभासद:
दुकानदाराने तीन शॉटचा ग्रुप दाखवला, पाव इंच. विश्वास ठेवू का?

माळरान:
नका. तीन शॉट नशिबानेही जुळतात. दहा शॉटचा ग्रुप मागा, गार बॅरलवरचा पहिला शॉट वेगळा बघा, कारण शिकारीत तोच महत्त्वाचा असतो.

रिमफायरवाला:
याला माझा पूर्ण पाठिंबा. फक्त एक, .२२ एलआर (हे आणखी हळू रिमफायर काडतूस) घेत असाल तर निशाण्यामागे मातीचा उतार असल्याशिवाय मारू नका, ती हळू गोळी दगडावरून उसळते. वेगवान, पातळ जॅकेटची (वरच्या धातूच्या आवरणाची) गोळी बहुधा फुटून जाते, तरी मागे काय आहे ते तिलाही बघावंच लागतं.