आधुनिक मांडणीतला ऑपेरा: गायिकेने किती सोसायचं?

विंगेतली
इटालियन संगीतकार व्हर्दीच्या 'ला त्राव्हियाता' या ऑपेरातली नायिका व्हायोलेत्ता ही भूमिका एखादी सोप्रानो, म्हणजे सगळ्यात उंच आवाजाची गायिका, पहिल्यांदाच बसवतेय असं समजा. पहिल्या अंकाच्या शेवटी 'सेम्प्रे लिबेरा' हे गाणं, एकामागून एक हाय सी, म्हणजे गळ्याचा कस लावणारे खूप वरचे सूर. माइक नाही, पुढ्यात अख्खा ऑर्केस्ट्रा. आणि आधुनिक मांडणीचा, म्हणजे जुनी कथा अलीकडच्या काळात आणून बसवणारा दिग्दर्शक सांगतो, गाता गाता सोफ्यावर उड्या मार, मग जिना चढ. नाही म्हटलं की 'अडेलतट्टू' हा शिक्का बसतो. माझं स्पष्ट मत: काळ बदलायची ही हौस गायिकेच्या जिवावर भागवली जाते. गळ्याच्या आड येणारी हालचाल नाकारायचा हक्क करारातच लिहून द्यावा.

तिसरी_घंटा
साफ असहमत. १८५३ साली व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात हा ऑपेरा पहिल्यांदा झाला, तेव्हा व्हर्दीला तो आपल्याच काळात घडवायचा होता. सेन्सॉरच्या धाकाने कथा मागे, १७००च्या आसपास ढकलावी लागली. म्हणजे जुने पोशाख ही तेव्हाची तडजोड, आणि आपण तिलाच परंपरा म्हणून कुरवाळत बसतो.

विंगेतली
व्हर्दीला स्वतःचा काळ हवा होता, स्मार्टफोन नव्हे. तिसऱ्या अंकात व्हायोलेत्ता पत्र वाचते ती जागा आठवा. तिथे ती गात नाही, नुसती बोलते. मागे व्हायोलिनवर पहिल्या अंकातली प्रेमाची धून. पत्र वाचून वाचून मळलंय, घड्या झिजल्यात, हे हातातल्या कागदावरून कळतं. मेसेज शंभरदा वाचला तरी चुरगळतो का?

तिसरी_घंटा
नाही चुरगळत. पण रात्री-अपरात्री तोच मेसेज उघडून बसणारी माणसं तुम्ही पाहिली नाहीत, असं म्हणू नका.

खर्जातला
कपड्यांवरून आणि फोनवरून काय भांडताय! तोंड कुठल्या दिशेला आहे ते आधी बघा.
ऑर्केस्ट्राचा सगळ्यात जास्त जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असतो, वर तो उतरत जातो. कसलेला गळा, विशेषतः पुरुषांचा, ३००० हर्ट्झच्या आसपास जास्तीची धार काढतो आणि त्या मोकळ्या जागेतून माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. (सोप्रानोच्या अगदी वरच्या सुरांचं गणित वेगळं आहे, पण आत्ता ते राहू दे.) ही धार सरळ पुढे जाते. गायकाला प्रेक्षकांकडे पाठ करून उभं केलं की पहिल्यांदा तीच जाते. त्यात मागे भक्कम भिंत न ठेवता नुसते काळे पडदे सोडले, तर उरलासुरला आवाज पडदेच पितात.
दुसरं, तालमींचा क्रम. नवी निर्मिती कित्येक आठवडे नुसत्या पियानोच्या साथीवर बसवली जाते आणि त्यात गळा जपायला गायक बऱ्याचदा 'मार्किंग' करतात, म्हणजे अर्ध्या आवाजात गातात. अर्ध्या आवाजात सोफ्यावरची उडी जमतेच. ऑर्केस्ट्रा येतो अगदी शेवटी, आणि तोवर जिना कायम झालेला असतो.

मागची_रांग
+१. अवांतर: २००४ साली लंडनच्या रॉयल ऑपेराने डेबोरा व्हॉइट या सोप्रानोला 'आरिआड्ने' या ऑपेरातून काढलं, का, तर दिग्दर्शकाने ठरवलेला काळा ड्रेस तिला शोभणार नाही. गळ्यात काही खोट नव्हती. पुढे शस्त्रक्रियेने वजन उतरवल्यावर २००८मध्ये तिथे त्याच भूमिकेत परतली. आधुनिकतेचा हाही एक चेहरा.

तिसरी_घंटा
तो माज झाला, आधुनिकता नव्हे. आधुनिकता म्हणजे दिग्दर्शक जोनाथन मिलरने १९८२ साली बसवलेला व्हर्दीचाच 'रिगोलेत्तो': माफियांच्या न्यूयॉर्कमध्ये ड्यूक ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकतो आणि 'ला दॉन्ना ए मोबिले' हे त्यातलं प्रसिद्ध गाणं सुरू होतं. गायकाला त्रास शून्य, आणि घासून गुळगुळीत झालेल्या गाण्याला पुन्हा जीव. किंवा जर्मनीतल्या बायरॉइटमध्ये दिग्दर्शक पात्रिस शेरोने १९७६ साली बसवलेली वाग्नरची 'रिंग' ही ऑपेरामालिका. मूळ कथेत ऱ्हाइन नदीत राहणाऱ्या ऱ्हाइनकन्या चक्क धरणावर! पहिल्या वर्षी हुर्यो, १९८०च्या शेवटच्या प्रयोगाला तासाभराहून जास्त टाळ्या.

विंगेतली
शेरोला पाच उन्हाळे मिळाले, दर वर्षी दुरुस्ती करायला. बाकीच्यांची निर्मिती पाच-सात प्रयोगांत आटोपते. चुकीचा जिना दुरुस्त व्हायच्या आत मोडीत निघतो, गळा मात्र तोच घेऊन पुढच्या गावी जायचं असतं. म्हणून करारातला हक्क.

खर्जातला
हक्क गायिकेला देऊ नका, ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या कंडक्टरला द्या. अट एकच: हालचाल कायम करायच्या आधी ती जागा एकदा पूर्ण आवाजात गाऊन बघायची.

मागची_रांग
नामांकित कंडक्टर तालमी निम्म्या झाल्यावर विमानातून उतरतात. तोवर सहायकाने दिग्दर्शकाला नाही म्हणायचं? बघा कुणी तयार होतंय का!