अँड्रॉइड १६ अजून आला नाही, बीटा टाकला होता. मदत हवी आहे (अर्जंट)

उंबरठा | १३ जून २०२५
मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. १० तारखेला अँड्रॉइड १६ आला. ऑफिसातल्या दोघांना त्याच रात्री मिळाला. मी मार्चपासून बीटावर (चाचणीच्या आवृत्तीवर) आहे, म्हणजे आधी मला मिळायला हवा ना? दिवसातून दहादा 'अपडेट तपासा' दाबतोय, काही नाही. त्यात बँकेचं अ‍ॅप उघडेना. १८ला देहूहून पालखीबरोबर बाबांना घेऊन निघायचंय. बुधवारच्या आत सुटलं पाहिजे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

घाटमाथा
फोन कोणता?

उंबरठा
अँड्रॉइड.

घाटमाथा
ते शीर्षकातच कळलं हो. कंपनी, मॉडेल, आणि सेटिंगमध्ये 'फोनबद्दल'मध्ये अगदी खाली बिल्ड नंबर असतो तो.

रविवारची_मिसळ
आयफोन घ्या, सुखी व्हा. परवा ९ तारखेला आयओएस २६चा डेव्हलपर बीटा आला, त्याच रात्री टाकला. मस्त चाललाय.

सौ_सोळा
१८ वरून एकदम २६? मधले सात कुठे गेले?

रविवारची_मिसळ
वर्षाप्रमाणे नाव द्यायचं ठरवलंय त्यांनी. बाकी बॅटरी दुपारपर्यंत टिकते.

सौ_सोळा
म्हणजे मस्त चाललाय. हलकेच घ्या.

उंबरठा
पिक्सेल ७ए. बिल्ड बीपी३१ वगैरे काहीतरी आहे, पुढे लांबलचक आकडे. त्याने काय फरक पडतो?

घाटमाथा
सगळा फरक त्यानेच पडतो. बीपी३१ हा अँड्रॉइड १६चा बीटा नाहीच. तुम्ही १६च्या पुढे गेला आहात. २० मेला क्यूपीआर१ बीटा १ आला होता, म्हणजे १६ नंतरच्या तिमाही अपडेटची कच्ची आवृत्ती. नाव नोंदवलेल्या सगळ्यांना तो आपोआप दिसला. ज्यांनी तो न टाकता बीटातून नाव काढलं, त्यांना जूनमध्ये खरा १६ डेटा न जाता मिळाला. तुम्ही मे महिन्यात बटण दाबलंत ना?

उंबरठा
अपडेट आला की मी टाकतोच. म्हणून तर बीटा घेतला.

घाटमाथा
झालं तर मग. १०च्या गाडीची वाट बघताय आणि बसलाय १२च्या गाडीत.

लोखंडी_पेटी
यावर एकच इलाज, लाइनेज (अँड्रॉइडचीच, पण फोन कंपनीची नसलेली मोफत आवृत्ती) टाका. मी चार वर्षं कंपनीच्या अपडेटची वाट पाहिलेली नाही. बूटलोडर (फोन सुरू करणारं सॉफ्टवेअर) अनलॉक करा, अर्ध्या तासाचं काम.

घाटमाथा
त्यांचं बँकेचं अ‍ॅप उघडत नाहीये आणि तुम्ही बूटलोडर उघडायला सांगताय. अनलॉक करताना फोन पुसला जातो तो जातोच, वर निम्मी बँकेची अ‍ॅप नंतर दारातही उभं करत नाहीत.

लोखंडी_पेटी
माझी तिन्ही चालतात.

घाटमाथा
त्यासाठी बँकेच्या अ‍ॅपपासून काय काय लपवावं लागतं तेही लिहा की मग.

लोखंडी_पेटी
ते वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

उंबरठा
अहो भांडू नका. आज सकाळी वेबसाइटवर जाऊन बीटातून नाव काढलं. आता एक अपडेट आलाय! हाच खरा १६ दिसतोय. खाली बारीक अक्षरात बरंच काही लिहिलंय. लावू का?

घाटमाथा
थांबा! हात लावू नका. ते बारीक अक्षर आधी वाचा.

उंबरठा
बाप रे. सगळा डेटा पुसला जाईल असं लिहिलंय.

घाटमाथा
तो खालच्या आवृत्तीवर उतरवणारा अपडेट आहे. वरून खाली यायचं तर फोन पुसूनच यावं लागतं. तो तसाच पडू द्या. सप्टेंबरात क्यूपीआर१ पक्का होऊन येईल, तो डेटा न घालवता बसेल.

पाटी_पेन्सिल
मी म्हणतो खुशाल पुसा! फोटो ढगात, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्या, दोन तासांत फोन नवाकोरा. तीन महिने कच्च्या सॉफ्टवेअरवर कशाला काढायचे?

घाटमाथा
एरवी मान्य. पण वरच्या आवृत्तीवर घेतलेला बॅकअप खालच्या आवृत्तीवर उतरेलच असं नाही. शिवाय यूपीआयची नोंदणी पुन्हा, आणि पहिले २४ तास पैसे पाठवायला मर्यादा. वारीच्या तोंडावर?

सायडिंग_लाइन
संगणकावरून साइडलोड करा की. पूर्ण अपडेटची (ओटीए) फाइल उतरवायची, केबल लावायची, झालं.

उंबरठा
ते काल रात्री केलं. यूट्यूबवर बघून. ४७ टक्क्यांवर एरर, टाइमस्टँप का काय म्हणाला.

घाटमाथा
म्हणणारच. फोनवरच्या बिल्डपेक्षा जुनी फाइल तो घेत नाही. पण एक मिनिट. यासाठी यूएसबी डीबगिंग (केबलवरून संगणकाला फोन हाताळू देणारी सेटिंग) चालू केलं असेल ना? परत बंद केलं का?

उंबरठा
नाही. ते कशाला बंद करायचं?

घाटमाथा
आणि बँकेचं अ‍ॅप कधीपासून बंद आहे?

उंबरठा
कालपासून. रात्री… थांबा.

उंबरठा
डेव्हलपर ऑप्शन्स (डीबगिंग त्यातच असतं) बंद केले. अ‍ॅप उघडलं!!! शिल्लकही दिसतेय. (ती दिसली नसती तरी चाललं असतं.)

सौ_सोळा
म्हणजे डीबगिंग चालू बघून बँकेचं अ‍ॅप अडलं होतं, बीटाचा काही संबंधच नव्हता. हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर?

उंबरठा
मला वाटलं साइडलोड जमलाच नाही, तर सांगायचं काय.

माळावरचा_मुक्काम
अवांतर: वारीत स्मार्टफोनच्या भरवशावर राहू नका. मुक्कामाला एका एक्स्टेन्शन बोर्डाला पंधरा फोन लटकलेले असतात, आपला नंबर लागेपर्यंत पहाट. गर्दीत नेट मरतं. मागच्या वर्षी चहाच्या टपरीवर क्यूआर स्कॅन करून दहा मिनिटं चक्र फिरताना बघत होतो, शेवटी मागच्या माउलींनी माझे पैसे दिले. सुट्टे घ्या, दहा-वीसच्या नोटा, प्लास्टिकच्या पिशवीत.

पाटी_पेन्सिल
साध्या फोनवरूनही यूपीआय होतं. १२३पे २०२२ पासून आहे.

माळावरचा_मुक्काम
माहीत आहे. कोणी वापरताना दिसलं तर कळवा.

उंबरठा
बाबांचा बटणांचा फोन आहे, आठवडाभर चालतो. ते म्हणाले, "तुझाच घरी ठेव." पण फोटो कोण काढणार? अपडेट तसाच ठेवतोय. सर्वांचे आभार, विशेषतः घाटमाथा.

उंबरठा | ५ सप्टेंबर २०२५
धागा वर काढतोय. काल रात्री आरतीनंतर सहज बघितलं, आलेला होता! क्यूपीआर१, पक्का. फोटो, चॅट, सगळं जागच्या जागी. बारीक अक्षर दोनदा वाचलं. घाटमाथा, तुम्हालाही आला असेल?

घाटमाथा
नाही.

सौ_सोळा
का हो?

घाटमाथा
२० ऑगस्टला क्यूपीआर२चा पहिला बीटा दिसला. नाव काढायचं राहून गेलं होतं. रात्री साडेअकराला दाबलं गेलं. आता डिसेंबर.