'व्हेन दे सी अस': कॅमेऱ्यासमोर कबुली दिली, मग निर्दोष कसे?

सायली_क
चारही भाग पाहिले. 1989 च्या न्यूयॉर्कमधल्या सेंट्रल पार्क बलात्कार खटल्यावरची मालिका. डीएनए पाच आरोपी मुलांपैकी एकाचाही जुळला नाही, तरी सगळे दोषी ठरले. ज्युरीला त्या कबुल्या खऱ्या का वाटल्या? आणि मालिकेत कल्पित किती आहे?

नचिकेत
कॅमेरा चौकशीच्या शेवटी चालू झाला. आधीचे कित्येक तास टेपवर नाहीतच, त्यामुळे ज्युरीने फक्त शेवट पाहिला. पहिला भाग पुन्हा पाहताना प्रत्येक तपशील आधी कोणाच्या तोंडून येतो, मुलाच्या की डिटेक्टिव्हच्या, एवढंच बघा. मुलं एकमेकांवर ढकलत होती. आपण साक्षीदार ठरू आणि घरी जाऊ असं त्यांना वाटत होतं. पण 'मी तिथे होतो' म्हटलं की तीच कबुली झाली.

पोलिसांनी खोटा पुरावा सांगणं अमेरिकेत 1969 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार चालतं. पाचांतल्या युसुफ सलामला ठसे मिळाल्याचं सांगितलं होतं. त्याने जबाबावर सही केली नाही, त्याचा व्हिडिओही नाही. बाकी चौघांचे आहेत. कोणी आधी मारलं, कोणी धरलं, कोणी बलात्कार केला, यावर पाचांचं एकमत नाही. हे 2002 मध्ये सरकारी वकिलांच्या कार्यालयानेच लिहून दिलं.

मेघना_पी
डीएनए एकाच माणसाचा होता. सरकारी पक्ष म्हणाला, आणखी एक जण निसटला. झालं! न जुळणारा पुरावाही त्यांच्याच बाजूला गेला. 2002 मध्ये मातियास रेयेस नावाच्या कैद्याने कबुली दिली, त्याचा डीएनए जुळला आणि 19 डिसेंबरला शिक्षा रद्द झाल्या. 1989 च्या या हल्ल्याच्या दोनच दिवस आधी त्याने त्याच पार्कमध्ये दुसऱ्या बाईवर हल्ला केला होता.

वर्णाचा भाग सोडू नका. पीडिता गोरी, चार मुलं कृष्णवर्णीय, एक लॅटिनो. 1 मे 1989 ला, खटला उभा राहण्याआधीच, ट्रम्प यांनी चार वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन फाशीची शिक्षा परत आणा म्हटलं. अशा शहरात ज्युरी कोरी पाटी घेऊन कुठून येणार? मला ही मालिकेपेक्षाही संतापजनक बाब वाटते.

नचिकेत
कल्पिताबद्दल: या प्रकरणातल्या सरकारी वकील लिंडा फेअरस्टाईन यांनी 2020 मध्ये मालिका दाखवणाऱ्या नेटफ्लिक्सवर बदनामीचा दावा लावला. 2024 मध्ये तडजोड झाली. नाट्यरूपांतराची सूचना मालिकेच्या सुरुवातीला आली आणि नेटफ्लिक्सने इनोसन्स प्रोजेक्टला (चुकीने शिक्षा झालेल्यांना सोडवणारी संस्था) 10 लाख डॉलर द्यायचं ठरलं. तेव्हा मालिकेत फेअरस्टाईन यांच्या तोंडची वाक्यं जशीच्या तशी खरी धरू नका.

चौथा भाग मात्र चुकवू नका. कोरी वाईझ 16 चा, म्हणून कायद्याने प्रौढ: चौकशीत पालक नाहीत, तुरुंगही मोठ्यांचा, जवळजवळ 13 वर्षं. बाकीच्यांनी साधारण 6-7 वर्षं काढली.

सायली_क
आपल्याकडे पोलिसांपुढची कबुली चालते का?

मेघना_पी
नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम 23. पण मकोका (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा) लागला तर चालते: कलम 18, पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली.